कै. प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला

रहाटणीहून औंधच्या वाटेनें शिवाजीनगरास गेलें म्हणजे जुनें अभियांत्रिकी महाविद्यालय लागतें. तेथें एके काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण होती, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ती वेधशाळा कावसजी नायगमवाला यांनीं उभारिली.

त्यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत ते पदार्थविज्ञान शिकवीत असतां भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं वेधशाळेसाठीं ५,००० रुपये दिले. सरकारनें तितकीच भर घातली. १८८५ त नायगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजांत आले, व वेधशाळाही येथेंच झाली. तिची मुख्य दुर्बीण २० इंची आरशाची होती.

मृगनक्षत्रांतील तीन ताऱ्यांच्या बाणाखालीं एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटांतील हिरवी रेषा मॅग्नेशियममुळें उमटते, असें लॉकियर या थोर इंग्रज ज्योतिर्विदांचें मत होतें. तसें असतें तर ती एका बाजूस पसरट दिसावयास हवी. नायगमवाला यांनीं विलायतेस जाऊन ज्यांचा सल्ला घेतला होता, ते हेच लॉकियर! तरीही रेषा दर वेळीं रेखीवच दिसते, असें त्यांनीं १८९१ त प्रसिद्ध केलें. हगिन्स व कीलर यांचेंही तेंच मत होतें. पण गुरुस्थानीं असलेल्या पुरुषाविरुद्ध पुण्याहून तसें लिहिणें सोपें नव्हतें. ती रेषा अतिविरळ ऑक्सिजनची, हें बोवेन यांनीं १९२७ त सिद्ध केलें.

त्या तेजोमेघामागें धुळीच्या दाट पडद्याआड प्रचंड तारे जन्मत आहेत. तेथून प्रकाश येत नाहीं, रेडिओलहरी मात्र येतात. पाण्याच्या वाफेंतून आपोआप बलवत्तर होऊन निघणारी १.३५ सेंटिमीटरची लहर १९६९ त प्रसिद्धीस आली. तिला मेसर म्हणतात. तिचीही रेषा अशीच बारीक. १९७९ पासून १९८५ पर्यंत ती अनेकदां अकस्मात् भडकली. अन्य एका ताऱ्याच्या जन्मस्थानीं २०१५ त मेथॅनॉलचा मेसर भडकला, तेव्हां बालताऱ्यावर वायूचा मोठा लोट एकाएकीं कोसळला असल्याचें कळलें. रेषा बारकाईनें पाहण्याचा नायगमवाला यांचाच मार्ग येथें रेडिओनें चालविला आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनीं जेऊर येथें घेतले. १९१२ त ते निवृत्त होतांच वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालास गेली. त्यानंतर सव्वीस वर्षांनीं, १९३८ त, ते निवर्तले.