कार्ल क्रेडे

कार्ल सिगमुंड फ्रांझ क्रेडे (२३ डिसेंबर १८१९, बर्लिन – १४ मार्च १८९२, लाइपझिग) हे जर्मन प्रसूतितज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ होते. जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या विरल द्रावणाचा एकेक थेंब घालण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. या पद्धतीमुळे नवजात नेत्रदाहाने येणाऱ्या अंधत्वाचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. प्रसूतीनंतर वार बाहेर काढण्याची एक पद्धतही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

शिक्षण व कारकीर्द

क्रेडे यांचे वैद्यकीय शिक्षण बर्लिन व हायडेलबर्ग येथे झाले. १८४२ मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी बर्लिनमधील प्रसूती चिकित्सालयात साहाय्यक म्हणून काम केले. १८५२ मध्ये ते तेथील सुईणींच्या प्रशिक्षण शाळेचे संचालक झाले. शारिटे रुग्णालयाच्या प्रसूती विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १८५६ मध्ये लाइपझिग विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक व तेथील प्रसूतिगृहाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते या पदावर होते. १८७० मध्ये सुरू झालेल्या ‘आर्काइव्ह फ्यूर गिनेकोलोगी’ या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते.

वार बाहेर काढण्याची पद्धत

त्या काळी वार अडकल्यास गर्भाशयात हात घालून ती काढली जात असे. त्यातून मातेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका होता. क्रेडे यांनी पोटावरून गर्भाशय चोळून, ते आकुंचन पावताच बाहेरूनच दाब देण्याची पद्धत पुरस्कारली. ही पद्धत ‘क्रेडे पद्धत’ म्हणून पाठ्यपुस्तकांत आली. पुढे अतिरिक्त दाबाचे धोके लक्षात आल्यावर तिचा वापर मर्यादित झाला.

नवजात नेत्रदाह

मातेला परमा हा रोग असल्यास प्रसूतिमार्गातून बाहेर येताना अर्भकाच्या डोळ्यांना संसर्ग होतो. काही दिवसांतच पापण्या सुजतात व डोळ्यांतून पू वाहू लागतो. उपचार न झाल्यास पारपटलावर व्रण पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळांमधील अनेक मुलांची दृष्टी याच आजाराने गेलेली असे. लाइपझिगच्या प्रसूतिगृहातही सुमारे दहा टक्के अर्भकांना तो होत असे. आल्बर्ट नायसर यांनी परम्याचे जंतू १८७९ मध्ये शोधून काढले.

क्रेडे यांनी प्रथम प्रसूतीपूर्वी मातेचा प्रसूतिमार्ग जंतुनाशक द्रावणांनी धुण्याचा प्रयत्न केला. त्याने आजार कमी झाला, पण थांबला नाही. मग त्यांनी आपले लक्ष अर्भकाच्या डोळ्यांकडे वळवले. आरंभी बोरॅक्सचे द्रावण वापरून पाहिल्यावर त्यांनी सिल्व्हर नायट्रेट निवडले. १८८० पासून माता निरोगी दिसो वा आजारी, प्रत्येक अर्भकाला ते देण्याचा नियम त्यांनी घालून दिला. संसर्ग कोणत्या मातेला आहे हे बाहेरून ओळखता येत नसल्याने हा नियम महत्त्वाचा ठरला.

थेंब घालण्याची रीत

नाळ कापून अर्भकाला आंघोळ घातल्यावर त्याचे डोळे स्वच्छ पाण्याने पुसले जात. नंतर पापण्या बोटांनी अलगद विलग करून काचेच्या बारीक कांडीने दोन टक्के द्रावणाचा एकच थेंब प्रत्येक डोळ्यात सोडला जाई. औषध एकदाच देण्यावर क्रेडे यांचा कटाक्ष होता. दुसऱ्या दिवशी डोळे थोडे लाल झाले किंवा सुजले, तरी थेंब पुन्हा घालू नये अशी त्यांची सूचना होती. ती लाली बहुधा औषधाचीच असे आणि पुन्हा थेंब घातल्यास डोळ्याला अधिक इजा झाली असती. ही कृती सुईणींनाही सहज शिकता येण्याजोगी होती.

परिणाम व मर्यादा

क्रेडे यांनी आपले निष्कर्ष १८८१ पासून प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रसूतिगृहात नेत्रदाहाचे प्रमाण एक टक्क्याहूनही खाली आले. पुढील दशकांत ही पद्धत युरोप व अमेरिकेत पसरली. अमेरिकेतील अनेक राज्यांनी ती कायद्याने बंधनकारक केली.

तथापि सिल्व्हर नायट्रेटमुळे अनेक अर्भकांच्या डोळ्यांत रासायनिक दाह होत असे. बाटलीतील पाणी उडून गेल्यास द्रावण तीव्र होई व पारपटल भाजण्याचा धोका निर्माण होई. म्हणून पुढे एक टक्का द्रावण आणि एकदाच वापरायच्या मेणाच्या लहान कुप्या प्रचारात आल्या. प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर बहुतेक ठिकाणी एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन मलमाने सिल्व्हर नायट्रेटची जागा घेतली. काही देशांनी सरसकट औषध देणे थांबवून गरोदरपणातच मातेची तपासणी व उपचार करण्यावर भर दिला.

वारसा

क्रेडे यांचे पुत्र बेन्नो क्रेडे हे शल्यचिकित्सक होते. त्यांनीही चांदीच्या संयुगांचा जंतुनाशक म्हणून पुरस्कार केला. कार्ल क्रेडे यांचे औषध आज बहुतांशी वापरातून गेले आहे. परंतु आजार होण्याची वाट न पाहता प्रत्येक नवजात अर्भकाचे रक्षण करावे, आणि औषधाची तीव्रता, मात्रा व वेळ यांत आपल्या मनाने बदल करू नये, ही त्यांच्या पद्धतीची दोन सूत्रे नेत्रचिकित्सेत टिकून आहेत.