भस्मासुराचा हात आणि फाळक्यांचा कॅमेरा : दादरच्या जादूगाराने जादूची किंमत कशी मोजली?

टेबलाभोवती पाच मित्र बसलेत. एक जण गोष्ट सांगतोय, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चेटके, चोर झालेत. फासे पडतात, खेळ पुढे सरकतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ असाच खेळतात.

या खेळात एक जुनी डोकेदुखी आहे. गोष्ट सांगणाऱ्याने खूश होऊन एखाद्याला जबरदस्त जादुई तलवार देऊन टाकली, की त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात. पण पुढच्या खेपेला तोच गडी एकटा राक्षस लोळवतो आणि बाकीचे मोबाईल काढून बसतात. म्हणून जादूच्या वस्तूंना लगाम घातले गेले. छडी ठराविक वेळाच चालते. काही तलवारींना शाप चिकटलेला असतो. अलीकडच्या नियमांत तर काही वस्तूंशी आधी नातं जुळवावं लागतं आणि अशा तीनच वस्तू एका वेळी वापरता येतात. याला म्हणतात गेम बॅलन्स.

थोडक्यात काय, तर जादू हवी, पण फुकट नको.

हा खेळ जन्माला यायच्या साठ वर्षं आधी मुंबईतल्या एका माणसाचं आयुष्य याच हिशोबात चाललं होतं. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजेच आपले दादासाहेब फाळके.

आधी जादूगार, मग सिनेमावाला

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत शिकवण्याची नोकरी लागली आणि कुटुंब इकडे आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी असं बरंच काही शिकले.

मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले आणि गाव सुटलं.

याच धडपडीच्या काळात त्यांना जादूचे प्रयोग शिकायला मिळाले. स्टेजवर त्यांनी नाव घेतलं ‘प्रोफेसर केळफा’. फाळके हे नाव उलटं करून पाहा, गंमत कळेल.

जादूगाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रेक्षकाला दिसतो तो एक क्षण, त्यामागे तासन् तासांची मेहनत असते. फाळक्यांना ही शिदोरी पुढे आयुष्यभर पुरली.

एका मिनिटासाठी महिनाभर

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडलं. दिवसरात्र सिनेमे पाहायचे, घरी प्रयोग करायचे. त्यात डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली.

मग विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथून कॅमेरा घेऊन परतले. पण पूर्ण सिनेमासाठी पैसा कोण देणार?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते रोप एका मिनिटात उगवून वर आलं. बघणारे थक्क झाले, भांडवल मिळालं.

ज्याच्याकडे जादूच नाही असा हिरो

‘राजा हरिश्चंद्र’ दादरमध्ये तयार झाला. आज दादर पूर्वेला ज्या रस्त्याला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे, त्याच रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. शिवाय अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोकं पाडायची आणि ती धुवायची, ही कामंही शिकून घेतली. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं गेलं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सिनेमा लागला.

आता यातली जादू बघा. ज्वाळांमधून शक्ती प्रकट होतात, शेवटी साक्षात शंकर अवतरतात. पण ही सगळी ताकद ऋषीकडे आणि देवांकडे आहे. हरिश्चंद्राकडे काय आहे? फक्त दिलेला शब्द. त्याच्या हाती एखादी जादूची अंगठी असती, तर गोष्ट दहा मिनिटांत आटोपली असती. राज्य जातं, मुलगा जातो, बायकोवर तलवार उगारायची वेळ येते, तेव्हा कुठे देव येतात. तोवर प्रेक्षकाने सगळं सोसलेलं असतं, म्हणूनच तो चमत्कार मनाला भिडतो.

पडद्यामागेही हाच कायदा होता. वस्तू गायब करायची तर कॅमेरा थांबवायचा, नटांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं, वस्तू काढायची आणि पुन्हा हँडल फिरवायचं. मध्येच कुणी हललं की सगळं मुसळ केरात.

भस्मासुर : हाताबाहेर गेलेलं वरदान

फाळक्यांचा पुढचा सिनेमा ‘मोहिनी भस्मासुर’. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली. आता स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रियाच आल्या.

ही गोष्ट म्हणजे गेम बॅलन्सचा पहिला धडाच. शंकराने प्रसन्न होऊन भस्मासुराला वर दिला, ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल. ना मर्यादा, ना अट. भस्मासुर निघाला थेट शंकराच्याच मागे. दिलेला वर परत घेता येत नाही. मग विष्णू मोहिनी होऊन येतो, त्याला नाचायला लावतो आणि नाचता नाचता भस्मासुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो.

म्हणजे नियम मोडला नाही, तोच नियम त्याच्यावर उलटवला. आजही अतिशक्तिमान तलवार देऊन फसलेला गोष्ट सांगणारा नेमकी हीच वाट शोधत असतो. दिलेली वस्तू हिसकावून घेतली तर खेळाडू चिडतो, म्हणून तोड गोष्टीतूनच काढावी लागते.

शेवटचा हिशोब

१९१७ च्या ‘लंका दहन’ने प्रचंड गर्दी खेचली. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच झाले होते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी छोटा कृष्ण झाली. पण पैसा आला तसे भागीदार आले आणि भागीदारांसोबत मतभेद आले. वैतागून फाळके काशीला निघून गेले, काही वर्षांनी परतले.

मग १४ मार्च १९३१ उजाडला. गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. आता नवी जादू आली होती आणि ती दुसऱ्यांच्या हातात होती. फाळक्यांनी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला, १९३७ मध्ये. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. अखेरची वर्षं हलाखीची होती.

टेबलावरच्या खेळात कुठल्या जादूची किती किंमत हे ठरवायला नियमांचं पुस्तक असतं. फाळक्यांसाठी असं पुस्तक नव्हतं. डोळ्यांची नजर, विम्याचे पैसे, सरस्वतीबाईंचे दागिने असं जे लागेल ते मोजत गेले आणि शेवटी हाती फार काही उरलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मित्र पहिल्याच डावात अमर्याद ताकदीची तलवार मागू लागला, तर त्याला आधी भस्मासुराची गोष्ट सांगा. आणि मग ती पडद्यावर आणणाऱ्या प्रोफेसर केळफाची.