विल्यम हॉजेस : छापील मुद्रा आणि चरित्र

चरित्रग्रंथाच्या आरंभी बहुधा चरित्रनायकाचे चित्र असते. आपण ते क्षणभर पाहतो आणि पान उलटतो. येथे मात्र आपण अशाच एका छापील व्यक्तिचित्रापासून प्रारंभ करू.

लंडनचे वास्तुरचनाकार जॉर्ज डान्स यांनी आपल्या समकालीनांची एका बाजूने दिसणारी मुखचित्रे पेन्सिलीने रेखाटली होती. विल्यम डॅनियल यांनी ती आम्लाच्या साहाय्याने धातूच्या पत्र्यांवर उतरवली आणि १८०८ ते १८१४ या काळात ७२ मुद्रांचा संग्रह प्रसिद्ध झाला. चित्रकार व प्रवासी विल्यम हॉजेस यांची मुद्रा त्यांपैकी एक. ती छापली गेली तेव्हा हॉजेस हयात नव्हते.

त्यांचा जन्म १७४४ साली लंडनमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. निसर्गचित्रकार रिचर्ड विल्सन यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. १७७२ मध्ये कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर ते चित्रकार म्हणून गेले. दक्षिण ध्रुवाकडील हिमखंड, ताहिती, ईस्टर बेट हे सारे त्यांनी तीन वर्षांत पाहिले आणि रंगवले. १७८० मध्ये ते मद्रासला उतरले. पुढे वॉरन हेस्टिंग्ज यांचा आश्रय त्यांना लाभला. १७८१ मध्ये बनारसला चेतसिंगाचा उठाव झाला, तेव्हा ते हेस्टिंग्ज यांच्यासोबतच होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी भारतातील दृश्यांची ४८ मुद्राचित्रे प्रकाशित केली. १७८७ मध्ये ते रॉयल अकॅडमीचे सदस्य झाले आणि १७९३ मध्ये त्यांचे भारताचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले.

येथे थांबलो, तर हे एका यशस्वी पुरुषाचे चरित्र ठरेल. परंतु आपण थांबू नये. १७९४ च्या अखेरीस हॉजेस यांनी लंडनमध्ये स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. त्यात शांततेचे आणि युद्धाचे परिणाम दाखवणारी चित्रांची एक जोडी होती. निसर्गचित्राने केवळ डोळ्यांना सुखवू नये, त्यातून नैतिक विचारही व्यक्त व्हावा, ही त्यामागील भूमिका. तेव्हा ब्रिटन फ्रान्सशी युद्धात गुंतले होते. राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क यांना या चित्रांत राजकीय रोख दिसला आणि जानेवारी १७९५ मध्ये प्रदर्शन बंद झाले. हॉजेस यांनी चित्रकला सोडली व डार्टमथ येथे पेढीच्या व्यवसायात भागीदारी घेतली. १७९७ च्या आर्थिक संकटात ती पेढी बुडाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

आता त्या मुद्रेकडे पुन्हा पाहा. ती पत्र्यावर उतरवणारे डॅनियल हे काका थॉमस यांच्यासह हॉजेस यांच्यानंतर भारतात आले होते. हॉजेस यांनी चितारलेल्या अनेक स्थळी तेही गेले. पुढे या काका-पुतण्यांच्या १४४ भारतीय दृश्यांनी हॉजेस यांची चित्रे झाकोळून टाकली. ज्या हाताने त्यांची कीर्ती मागे सारली, त्याच हाताने त्यांचा चेहराही जतन केला.

व्यक्तिचित्र जीवनातील एक क्षण स्थिर करते. त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे सांगणे हे चरित्रकाराचे काम होय.

स्वयंअध्ययन प्रश्न : हॉजेस यांचे चरित्र १७९३ मध्येच संपवले असते, तर आपल्या आकलनात कोणता फरक पडला असता?