निफाडमध्ये जन्मलेल्या न्यायमूर्ती रानडेंनी इंग्रजांना विचारलं होतं, दुष्काळात सरकारचं काम काय?

निफाड, येवला, सिन्नर भागात गारपीट झाली किंवा पावसाने दडी मारली, की दोन बाजू लगेच समोरासमोर येतात. एका बाजूचं म्हणणं असतं की शेतकऱ्याने किती दिवस सरकारच्या तोंडाकडे बघायचं, स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलं पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, कर भरतो, सारा भरतो, मग संकटात सरकारने हात वर का करायचे?

हा वाद आजचा वाटतो, पण तो किमान दीडशे वर्षं जुना आहे. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा आकडे, अहवाल आणि अर्ज घेऊन मांडणाऱ्यांमध्ये एक माणूस होता, जो स्वतः इंग्रज सरकारचा पगारी नोकर होता. त्याचा जन्म याच निफाडचा.

नाव महादेव गोविंद रानडे. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून त्यांची ओळख होते. विधवाविवाह, प्रार्थना समाज, काँग्रेसची स्थापना, गोखल्यांचे गुरू एवढं आपल्याला माहिती असतं. पण दुष्काळाने या माणसाच्या विचारांना कसं वळण दिलं आणि त्यापायी नोकरीत काय सोसावं लागलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

निफाड ते मुंबई

18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला रानडेंचा जन्म झाला. वडील गोविंदराव तिथल्या मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं.

या प्रवासाची एक गोष्ट रानडेंच्या घरात कायम सांगितली जायची. बैलगाडीने रात्रीचा प्रवास चालू होता. दोन-अडीच वर्षांचा महादेव झोपेत गाडीतून खाली पडला आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. पोरगं अंधारात रस्त्यावर बसून राहिलं. मागून घोड्यावरून काका येत होते. टापांचा आवाज ऐकून त्याने हाक मारली आणि काकांनी उचलून घेतलं.

कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण झाल्यावर रानडे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. 1862 मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत बी.ए. झाले. नंतर एम.ए. आणि कायद्याची पदवी घेतली. 1871 मध्ये ते पुण्यात सबजज्ज म्हणून रुजू झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, 2 एप्रिल 1870 रोजी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी हे तिचे कर्तेधर्ते. सभेच्या कामात त्यांनी स्वतःला इतकं झोकून दिलं की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. काका पळापळ करायचे, माणसं जोडायचे. कागदावर मुद्देसूद मांडणी करायचं काम रानडेंकडे आलं. सरकारी नोकर असल्यामुळे अर्जावर सही करता येत नव्हती. सह्या काकांच्या किंवा चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर यांच्या, पण मागचं डोकं बहुतेक वेळा रानडेंचं, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारलाही ठाऊक होतं.

1876 चा दुष्काळ

1876 चा पावसाळा दख्खनमध्ये कोरडा गेला. सोलापूर, विजापूर, नगर, पुणे, सातारा या पट्ट्यात पीकच आलं नाही. तिकडे मद्रास इलाखा आणि म्हैसूरमध्ये परिस्थिती आणखी वाईट झाली. दोन वर्षं चाललेल्या या संकटात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली, असा अंदाज आहे.

दुष्काळ नवा नव्हता, पण त्याचं रूप बदललं होतं. रेल्वे आलेली होती. धान्य एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात दोन दिवसांत पोहोचू शकत होतं. बाजारात धान्य दिसतही होतं. लोकांच्या हातात ते विकत घ्यायला पैसाच नव्हता. शेतमजूर, विणकर, लहान शेतकरी यांची कमाई बंद झाली आणि भाव कित्येक पटींनी वाढले.

अशा वेळी सरकारने काय करायचं, यावर तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांचं मत स्पष्ट होतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारला वाटत होतं की धान्याच्या व्यापारात हात घालू नये. बाजार आपोआप मार्ग काढेल. फुकट मदत दिली तर लोक आळशी होतील आणि तिजोरीवर कायमचा बोजा पडेल. म्हणून दुष्काळी कामं काढायची, पण मजुरी इतकी कमी ठेवायची की खरा उपाशी माणूसच तिथे येईल.

हे राबवायला जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं गेलं. टेंपल यांची पार्श्वभूमी इथे महत्त्वाची आहे. 1874 मध्ये बंगाल-बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणला होता, मृत्यू फार कमी झाले होते. पण त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टी केली म्हणून टीका झाली. तीन वर्षांनी तेच टेंपल काटकसरीचे कडवे पुरस्कर्ते बनून दख्खनमध्ये आले.

त्यांनी मजुरी कमी केली. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या माणसाला सुमारे एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम. वर कामही गावापासून दूरच्या मोठ्या बांधकामांवर. म्हातारं माणूस, लहान पोर असलेली बाई तिथवर जाणार कशी, हा प्रश्नच होता.

मजूर उठून गेले

मजुरी कमी झाल्यावर मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर एक विलक्षण गोष्ट घडली. सुमारे लाखभर मजूर काम सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. टेंपल यांनी याचा अर्थ असा लावला की या लोकांना मदतीची तितकी गरज नव्हती.

सार्वजनिक सभेने उलटा अर्थ लावला आणि तो सिद्ध करायचं ठरवलं. सभेने जिल्ह्या-जिल्ह्यांत आपली माणसं पाठवली. कुठे किती पाऊस झाला, धान्याचा भाव काय, कामावर किती लोक, मजुरी किती, गावं किती रिकामी झाली, गुरं किती मेली याची माहिती गोळा करून घेतली. तिचे अहवाल तयार करून सरकारकडे एकामागून एक धाडले. आज ज्याला आपण ग्राउंड रिपोर्ट म्हणतो, तसंच हे काम होतं.

या कामात सभेकडे आधीची तयारीही होती. 1872-73 मध्येच सभेने दख्खनच्या शेतीची चौकशी करून अहवाल काढला होता. सारा वाढलेला, तो रोखीत भरायचा, त्यासाठी सावकाराकडे जायचं, मग जमीन गहाण, हे चक्र त्यात मांडलेलं होतं. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, ते याच चक्रातून.

म्हणून सभेचा युक्तिवाद दयेवर उभा नव्हता. शेतकरी सुगीच्या वर्षी सरकारला सारा देतो. त्याच्याकडे चार पैसे शिल्लक राहावेत अशी व्यवस्थाच ठेवलेली नाही. मग वाईट वर्षी त्याने स्वतःच्या बळावर तग धरावा, असं म्हणायला सरकारला तोंड उरत नाही.

मात्र सभेने फुकट वाटपाचाही आग्रह धरला नाही. धडधाकट माणसाला काम द्या, पण अंगात ताकद राहील एवढी मजुरी द्या, अशी तिची भूमिका होती.

त्याच काळात पुण्यात दुसरीकडेही कामं चालू होती. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने 1877 मध्ये धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम चालवला. म्हणजे समाज हातावर हात ठेवून बसलेला नव्हता. पण एका संस्थेने शेकडो पोटं भरली तरी लाखोंचा प्रश्न सुटत नाही. तेवढा पैसा आणि यंत्रणा सरकारकडेच असते.

नाशिक, मग धुळे

1877 मध्येच टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. ज्यांच्या मजुरीच्या धोरणावर सभा तुटून पडली होती, तेच आता सर्वांत वरच्या खुर्चीत. 1878 मध्ये रानडेंची पुण्याहून नाशिकला बदली झाली. सभेच्या कामाबद्दल सरकारच्या मनात असलेला संशय यामागे होता, असं त्यांचे चरित्रकार मानतात.

जन्मजिल्ह्यात परतलेल्या रानडेंनी लिखाण थांबवलं नाही. त्याच वर्षी सभेचं इंग्रजी त्रैमासिक सुरू झालं. त्यातल्या पुष्कळ लेखांवर नाव नसायचं, पण ते रानडेंचे असत.

1879 च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू झालं. दुष्काळात गावोगाव फिरून जे पाहिलं त्याने फडके पेटले होते. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. सरकार घाबरलं. पुण्यातला हुशार ब्राह्मण म्हणजे संशयित, अशी हवा होती. रानडेंना तातडीने नाशिकहून धुळ्याला हलवलं. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाने त्यांना खोटी पत्रंही येऊ लागली. रानडे ती पत्रं थेट अधिकाऱ्यांच्या हाती देत राहिले. काही महिन्यांनी सरकारची खात्री पटली की हा माणूस बंडखोर नाही.

हिशेब मांडा, अर्ज करा, पुन्हा करा, उत्तर येईपर्यंत करत राहा, हाच रानडेंचा मार्ग होता. तो फडक्यांइतका रोमांचक नव्हता, पण सोपाही नव्हता.

सरकारने काय मान्य केलं?

दुष्काळाच्या नाचक्कीनंतर 1878 मध्ये सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. 1880 मध्ये त्याचा अहवाल आला. दुष्काळात लोकांना जगवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मान्य झालं. धडधाकटांना काम, अपंग-वृद्धांना मदत, सारा तहकूब करणं किंवा माफ करणं, तगाई कर्ज अशा गोष्टी ठरल्या. त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळ जाहीर करायचा कधी, काम काढायचं कसं, मजुरी ठरवायची कशी, याचे लेखी नियम पहिल्यांदा बनले.

हे एकट्या रानडेंचं यश नव्हतं. मद्रासमधल्या डॉक्टरांनी कमी मजुरीला विरोध केला होता, इंग्लंडमध्येही टीका झाली होती. पण दख्खनची बाजू पुराव्यानिशी कागदावर आणली ती सभेने.

मग स्वावलंबनाचं काय?

रानडे सगळं सरकारवर ढकलणारे होते, असा समज करून घेणं चूक ठरेल. 1881 पासून शेतकरी कर्जमुक्तीच्या नव्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी ते पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यात फिरले. शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळालं तर तो पुढच्या दुष्काळाला तोंड देऊ शकेल, हे त्यांना दिसत होतं. पुण्यात शेतकी बँक काढायची योजना विल्यम वेडरबर्न यांनी मांडली. तिला रानडेंचा पाठिंबा होता. ती लंडनमध्ये नामंजूर झाली.

1890 मध्ये त्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. सगळं पोट एकट्या शेतीवर, म्हणून एक पाऊस चुकला की सगळं कोसळतं, हे त्यांचं निदान होतं. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये चालणारे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानात लागू होत नाहीत. जिथे भांडवल, शिक्षण आणि पतपुरवठा कमी आहे, तिथे सरकारने लोकांना उभं राहायला हात दिला पाहिजे.

म्हणजे त्यांच्या लेखी स्वावलंबन आणि सरकारी जबाबदारी एकमेकांच्या आड येत नव्हत्या. पाणी, पत आणि रस्ता असेल तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. ते देणं सरकारचं काम, आणि सरकार ते करतंय का यावर लक्ष ठेवणं लोकांचं काम.

1896 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तोवर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते आणि सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली होती. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते. तरी टिळकांच्या माणसांनी गावोगाव जाऊन जे सांगितलं, त्याची मुळं 1877 च्या कामातच होती. दुष्काळ संहितेत तुमचे हक्क लिहिलेले आहेत, ते मागा, असं ते शेतकऱ्यांना सांगत होते. सरकार इतकं चिडलं की 1897 मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःचाच नियम लोकांना वाचून दाखवला, हा सभेचा गुन्हा.

1899-1900 मध्ये तिसरा मोठा दुष्काळ आला. त्याच्या झळा ओसरत असतानाच, 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. 59 वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते.

पुढे काय झालं?

नंतरच्या दोन दशकांत निफाड तालुक्यातच गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला आणि त्यावर कालवे निघाले. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते, पण 1877 सारखा नरसंहार झाला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये मंजूर झाला. मागेल त्याला काम हा कायद्याने हक्क बनला. 2005 मध्ये तीच कल्पना देशभर गेली आणि त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदाही आला.

आज पंचनामा वेळेवर झाला नाही, मदत तुटपुंजी मिळाली, म्हणून नाशिकचा शेतकरी तहसील कचेरीसमोर बसतो, तेव्हा तो भीक मागत नसतो. सरकारने मान्य केलेली गोष्ट सरकारकडे मागत असतो. ती मान्य करून घेण्याच्या लढाईत निफाडच्या कारकुनाच्या मुलाचाही वाटा होता.