लेहच्या आकाशातील पहिली वाट : एअर कमोडोर मेहर सिंग

नवी दिल्ली : भारतीय हवाई दलाची आयएल-76 आणि सी-17 ही अजस्र जेट मालवाहू विमाने आज लेहच्या धावपट्टीवर नित्यनेमाने उतरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 10,700 फूट उंचीवर हवा विरळ असते. विमान तोलून धरण्यासाठी तेथे अधिक वेग राखावा लागतो आणि तो वेग आवरण्यासाठी अधिक लांब धावपट्टी लागते. सपाट प्रदेशात पुरेशी ठरणारी लांबी येथे अपुरी पडते. त्यातच चहूबाजूंनी डोंगर असल्याने विमाने सहसा एका दिशेने उतरतात आणि उलट दिशेने उड्डाण करतात. या अवघड वाटेवरचे पहिले विमान 24 मे 1948 रोजी उतरले. ते पंख्यांच्या इंजिनांचे डाकोटा होते आणि त्याचे सारथ्य एअर कमोडोर मेहर सिंग यांच्याकडे होते. हवाई दलात ते ‘बाबा’ या नावाने ओळखले जात.

मेहर सिंग यांचा जन्म 20 मार्च 1915 रोजी तत्कालीन पंजाबातील लायलपूर येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात असून फैसलाबाद या नावाने ओळखले जाते. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण पूर्ण करून 1936 मध्ये ते हवाई दलाचे अधिकारी झाले. वायव्य सरहद्दीवर ते वापिती हे दोन पंखी विमान चालवीत. एका मोहिमेत जमिनीवरून झालेल्या गोळीबारामुळे त्यांना डोंगराळ मुलुखात विमान उतरवावे लागले. शत्रूच्या टोळ्यांना चुकवीत, अंधारातून पायी वाट काढत ते आपल्या सहकाऱ्यासह लष्कराच्या तळावर सुखरूप पोहोचले.

दुसऱ्या महायुद्धात सहाव्या स्क्वॉड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तुकडीची हरिकेन विमाने जपानी ठाण्यांची छायाचित्रे टिपून आणीत. या कामगिरीबद्दल त्यांना 1944 मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. तो मिळविणारे ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी होत.

त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी स्वातंत्र्यानंतर काश्मीरमध्ये लागली. 1947 च्या अखेरीस पूंछ शहराला वेढा पडला होता. सैनिकांबरोबर हजारो निर्वासित आत अडकले होते आणि रस्ते बंद होते. नागरिकांच्या श्रमदानाने तेथे घाईघाईने एक आखूड, कच्ची धावपट्टी तयार करण्यात आली. डाकोटासारखे जड विमान तिच्यावर उतरेल की नाही, याची शाश्वती नव्हती. जम्मू-काश्मीर मोहिमेतील हवाई कारवाईची धुरा सांभाळणाऱ्या मेहर सिंग यांनी हा धोका कनिष्ठ वैमानिकांवर टाकला नाही. डिसेंबर 1947 मध्ये पहिले विमान त्यांनी स्वतः उतरविले. पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रोतो मुखर्जी त्या विमानात होते. त्यानंतर धान्य, औषधे आणि तोफा पूंछला पोहोचू लागल्या. परतीच्या फेऱ्यांत जखमी आणि निर्वासित बाहेर काढले जाऊ लागले. या हवाई पुलाच्या बळावर पूंछ नोव्हेंबर 1948 पर्यंत तग धरून राहिले.

पुढील संकट लेहवर आले. लडाखी अभियंता सोनम नोरबू यांच्या देखरेखीखाली सिंधूकाठी वाळूमातीची धावपट्टी तयार झाली होती. तेथवर जाण्यासाठी डाकोटाला नेहमीच्या मर्यादेपलीकडे उंची गाठून हिमशिखरे ओलांडावी लागणार होती. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि त्या मार्गाचा पूर्वानुभव कोणालाच नव्हता. या वेळीही पहिले विमान मेहर सिंग यांनीच नेले. त्यांच्यासोबत मेजर जनरल थिमय्या होते. पाठोपाठ गुरखा जवान विमानाने लेहला उतरले आणि शहर वाचले.

वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे मेहर सिंग यांनी 1948 मध्येच राजीनामा दिला. काश्मीरमधील पराक्रमासाठी 26 जानेवारी 1950 रोजी त्यांना महावीर चक्र जाहीर झाले, तेव्हा ते हवाई दलात नव्हते. मार्च 1952 मध्ये जम्मूहून दिल्लीकडे येताना वादळात त्यांचे विमान कोसळले. युद्धभूमीवरील अनेक जीवघेण्या उड्डाणांतून परतलेल्या या वैमानिकाचा अंत वयाच्या 37 व्या वर्षी असा शांततेच्या काळातील प्रवासात झाला.

दिल्लीतील पालम येथील हवाई दल संग्रहालयात वापिती आणि हरिकेन ही विमाने जतन केलेली आहेत. तेथेच पॅकेट हे मालवाहू विमानही आहे. याच जातीचे विमान स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी 1962 मध्ये लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथे, 16,000 फुटांहून अधिक उंचीवर उतरविले होते. संग्रहालयातील ही यंत्रे आता स्थिरावली आहेत. मेहर सिंग यांनी दाखविलेल्या वाटेने मात्र लेहकडे जाणारी विमाने आजही झेपावत आहेत.