बालकांच्या मुखी स्वर : पंडित विष्णु नारायण भातखंडे

ग्वाल्हेर नगरीस संगीताचे माहेर म्हणतात ते यथार्थ आहे. राजा मानसिंह तोमर यांनी येथे ध्रुपदास आश्रय दिला, मियाँ तानसेन यांची समाधी येथेच आहे, आणि हद्दू-हस्सू खाँ या बंधूंच्या ख्यालगायनाने या नगरीचे नाव सर्व हिंदुस्थानात नेले. परंतु ही संपत्ती दीर्घकाळ मोजक्या घराण्यांच्या तिजोरीत राहिली होती. विद्या हवी तर गुरुगृही राहावे, वर्षानुवर्षे सेवा करावी, आणि गुरूची कृपा होईल तेवढेच पदरात घ्यावे, अशी रीत होती. तीतून थोर गवई निपजले यात शंका नाही. पण सामान्य गृहस्थाच्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने शाळेतून येऊन दोन घटका गाणे शिकावे, अशी सोय कोठे होती? ती सोय करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आम्ही आज सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घर सामान्य स्थितीचे, पण संगीताची आवड असलेले होते. आईच्या तोंडची गाणी हे बालक हुबेहूब म्हणे, असे चरित्रकार सांगतात. त्यांचे पहिले संगीतशिक्षण असे मातेच्या सान्निध्यात, हसतखेळत झाले. पुढे बासरी व सतार यांचा अभ्यास घडला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली, काही काळ कराचीसही काढला; परंतु मन गाण्यातच गुंतलेले होते. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना अनेक गुणी गायकांचा सहवास लाभला आणि शेकडो ध्रुपदे व ख्याल त्यांनी कष्टाने संपादन केले.

अशा वेळी दैवाने त्यांच्यावर कठोर आघात केले. 1900 साली पत्नी निवर्तली आणि 1903 साली एकुलती कन्याही गेली. संसार आटोपला. दुसरा कोणी खचला असता. पंडितजींनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य विद्येस वाहिले. 1904 साली ते दक्षिणेत गेले, नंतर उत्तरेकडील संस्थाने व तीर्थक्षेत्रे त्यांनी पालथी घातली. जुने ग्रंथ वाचले, उस्तादांच्या पायाशी बसून चिजा उतरून घेतल्या. कोठे आदर झाला, कोठे टाळाटाळ झाली. त्यांनी वही मिटली नाही. स्वतःच्या घरी मूल उरले नसता परक्यांच्या मुलांसाठी त्यांनी ही वणवण केली, हे मनात आणले म्हणजे मस्तक नम्र होते.

या भ्रमंतीतून जे हाती आले ते त्यांनी सुलभ करून मांडले. रागांची विभागणी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी अशा दहा थाटांत केली. स्वरलिपी तर इतकी सोपी योजिली की, अक्षरओळख झालेल्या मुलासही ती समजावी. शुद्ध स्वरास खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे त्यांचे ग्रंथ प्रथम मराठीतच निघाले, याचा आपणांस अभिमान वाटावा. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग असून त्यांत शेकडो बंदिशी संगृहीत आहेत.

बालकांच्या दृष्टीने त्यांची दोन साधने विशेष मोलाची आहेत. पहिले सरगमगीत. त्यात शब्द नसतात. सा, रे, ग, म हीच अक्षरे राग आणि ताल सांभाळून गावयाची. मुलास ते खेळासारखे वाटते आणि स्वर मात्र नकळत गळ्यात बसतो. दुसरे लक्षणगीत. रागाचा थाट कोणता, वादी-संवादी कोणते, ही माहितीच त्यात गाण्याच्या शब्दांतून सांगितलेली असते. जे घोकून कंटाळा यावा ते गाऊन पाठ होते.

ग्वाल्हेरीशी त्यांचा ऋणानुबंध 1918 साली दृढ झाला. श्रीमंत माधवराव महाराज शिंदे यांच्या आश्रयाने येथे माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. तत्पूर्वी येथील काही गायकांना पंडितजींकडे मुंबईस धाडून नवी पद्धती शिकविण्यात आली. त्यांत राजाभैया पूछवाले हे होते. शंकरराव पंडितांची तालीम लाभलेला हा गवई फळा व खडू घेऊन वर्गापुढे उभा राहिला, आणि जुनी गायकी व नवी पाठशाळा यांचे वैर नाही हे त्याने दाखवून दिले. शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित यांनीही 1914 सालीच येथे स्वतंत्र विद्यालय उघडले होते. माधव महाविद्यालय आजही विद्यादान करीत आहे.

आक्षेप पुष्कळ झाले. मींड आणि आंदोलन कागदावर कसे उतरणार, वर्गातून गवई कसा घडणार, असे जाणते लोक विचारीत. आम्हांस हा आक्षेप सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. गळ्यातली विद्या गळ्यातूनच घ्यावी लागते. परंतु प्रत्येक बालक गवई व्हावे हा पाठशाळेचा हेतूच नव्हे. शंभरांत एक गायक निघाला तरी उरलेले नव्याण्णव जाणते श्रोते होतात, आणि श्रोत्यांवाचून गायक तरी कोणासाठी गाणार? शिवाय पंडितजींनी कोवळ्या वयात हाताशी धरलेले श्रीकृष्ण रातंजनकर पुढे विद्वान गायक व लखनौ येथील, 1926 साली स्थापन झालेल्या, संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

1933 पासून पंडितजी अर्धांगवायूने अंथरुणास खिळले. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीस, त्यांनी देह ठेविला.

लष्करातील आमच्या माता-पित्यांना एवढेच सांगावयाचे आहे. आरतीस टाळ्या वाजविणारे पोर तालाचा पहिला धडा गिरवीत असते. भोंडल्यात फेर धरणारी मुलगी लय पायांत बाणवीत असते. त्यांस गप्प बसवू नये. प्रथम ऐकवावे, मग बरोबर गावे, स्वरांची ओळख त्यानंतर आणि वही सर्वांत शेवटी. भ्रमणध्वनीवर सारे संगीत हात जोडून उभे असले तरी आईच्या गळ्याची जागा ते घेऊ शकत नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाव घटका जरी घरात मिळून गाणे झाले, तरी पंडितजींच्या श्रमांचे काही अंशी ऋण फिटेल, असे आम्हांस वाटते.