कापसाच्या धुळीतून रविवार शोधणारे लोखंडे

रेणापूर : दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, की या तालुक्याच्या शिवारावर मळणीयंत्राचा भुसा तरंगू लागतो. लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीच्या टरफलाची भुकटी उडते, तर साखर कारखान्यांच्या हंगामात बगॅसचे ढीग साचतात. तोंडाला उपरणे किंवा पदर बांधायचा आणि काम सुरू ठेवायचे, ही येथील जुनी रीत आहे. कामाच्या जागी माणसाच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न या राज्यात प्रथम संघटितपणे मांडला गेला तो मात्र मुंबईच्या कापड गिरण्यांत, आणि तो मांडणारे होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. माळी समाजातील सामान्य कुटुंब. शिक्षण आटोपल्यावर त्यांनी रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी निर्णायक ठरली. कारकुनी पेशाचा, लिहिता-वाचता माणूस गिरणीच्या आत दिवसभर वावरत होता व सारे पाहत होता. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे संस्कार मनावर झालेलेच होते.

त्या वेळची गिरणी म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि पुढील तीन दशकांत परळ, ताडदेव, भायखळा या भागांत चिमण्यांचे रान माजले. कापसाच्या गाठी फोडण्याच्या खात्यात आणि पिंजणीच्या, म्हणजे कार्डिंगच्या खात्यात धूळ सर्वांत दाट. कापसाबरोबर येणारी वाळकी पाने, बोंडाची साले, माती हे सारे यंत्रात भरडले जाऊन हवेत मिसळे. कताईच्या खात्यात सूक्ष्म तंतू कामगारांच्या केसांवर, भुवयांवर बसत. विणकामात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे, त्यासाठी वाफ सोडली जाई. वारा आत येणे धाग्याला मानवत नसे, म्हणून खिडक्या बंद. धाग्याची एवढी काळजी घेणाऱ्या इमारतीत माणसाच्या श्वासाचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा यावर काही बोलला नाही. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढीच त्याची झेप. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाचे तास त्याने मोकळेच सोडले. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा मत्सर होता, असे मुंबईचे मालक म्हणत. ते सर्वस्वी खोटेही नव्हते. परंतु त्या वादात कामगार कोणालाच आठवला नाही.

कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालविले. त्यातून गिरणीतील हाल शहरापुढे येऊ लागले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परळ भागात सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे गेला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या.

या यादीत धुळीचा उल्लेख नाही. त्याबद्दल लोखंडे यांना दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राने तोडलेला हात दिसतो, तास घड्याळात मोजता येतात. छातीत साठणारी धूळ तेव्हा कोणाला मोजता येत नव्हती. पण धुळीत घालवायचे तास कमी करणे हाही धुळीवरचा उपायच होता, आणि त्या काळी हाती असलेला बहुधा तो एकमेव.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती आली. कारखान्यातील हवा खेळती ठेवण्याबाबत नियम करण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना मिळाला.

या रविवारचा एक अनपेक्षित पदर पुढे वैद्यकशास्त्राने उलगडला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या फुफ्फुसविकाराची खूणच मुळी सोमवारची आहे. सुटीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती आवळते, श्वास कोंडतो. मंगळवार, बुधवारी त्रास ओसरतो. वर्षे गेली, की तो रोजचाच होतो आणि मग फुफ्फुस पूर्ववत होत नाही. आठवड्यात खंडच नसेल, तर ही खूण ओळखणार कशी? लोखंडे यांनी मिळवलेल्या सुटीने कामगाराला विसावा दिला आणि रोग पकडण्याची संधीही दिली, असे म्हणता येईल. मात्र ती साधायला अनेक दशके जावी लागली. १९४८ च्या कारखाने कायद्यात धूळ व वायुवीजनाची स्वतंत्र कलमे आली. भरपाईस पात्र व्यावसायिक रोगांच्या यादीत बिसिनोसिससोबत बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिसही बसला. उसाच्या या पट्ट्यात त्याचे नाव किती जणांच्या कानावर गेले असेल, हा प्रश्नच आहे.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांनी घेतलेल्या भूमिकेमागे ते उभे होते आणि १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी त्यांनी धडपड केली. सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये प्लेग मुंबईत उघड झाला, तोही लोखंडे यांच्या परिचयाच्या मांडवी भागात. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतले. साथीचे मूळ कोंदट हवेत आहे, असे अधिकारी तेव्हा मानत. प्रत्यक्षात ती उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होती. पण त्या चुकीच्या समजुतीने एक बरे झाले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. गिरणीच्या भिंतीआड तो वारा पोचायला आणखी बरीच वर्षे लागायची होती.